खंडवेवाल्याचा रामराम

गाणाऱ्याने गावे आणि ऐकणाऱ्याने ऐकावे, एवढाच जर मैफलीचा व्यवहार असता, तर घरी तबकडी वाजविणाऱ्या माणसास तिकीट काढून कार्यक्रमाला जाण्याचे काही प्रयोजन उरले नसते. तबकडीवरचे गाणे निर्दोष असते, पाहिजे तेव्हा ऐकता येते आणि आवडलेला भाग पुन्हा लावता येतो. याउलट मैदानातील कार्यक्रमात ध्वनिवर्धक खरखरतो, पुढच्या रांगेत कुणाचे मूल रडते, वाद्यमेळ कधी गायकाच्या पुढे धावतो तर कधी मागे रेंगाळतो. तरीही लोक जातात. आणि घरी परतल्यावर जे रंगवून सांगत बसतात, ते बहुधा गाण्याविषयी नसतेच. ‘अमुक गाण्याच्या आधी तो काय म्हणाला, ठाऊक आहे?’ अशी त्या वर्णनाची सुरुवात होते. दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गायक जे बोलतो, हसवितो, स्वतःचीच थट्टा करतो, त्याची गोडी रसिकांना गाण्याइतकीच, क्वचित गाण्याहूनही अधिक लागलेली असते.

ही गोडी नेमकी कशाची, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी घेतलेले उदाहरण आमच्या इंदूरच्या वाचकांस फार दूरचे वाटणार नाही. ज्या गायकाच्या अशा बोलण्याने साऱ्या देशाला वेड लावले, तो आमच्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील खंडव्याचा. नाव किशोरकुमार.

गाणे आणि बोलणे यांचे जुने नाते

प्रथम हे सांगितले पाहिजे की, गाण्याच्या मध्ये बोलणे ही काही चित्रपटसृष्टीने काढलेली नवी तऱ्हा नव्हे. मराठी माणसाला तर हे मुळीच नवे नाही. आमच्या कीर्तनात अभंग आणि निरूपण एकमेकांचा हात धरून चालतात. बुवा एक चरण गातात, मग थांबून त्याचा अर्थ सांगतात. अर्थ सांगताना गावातल्याच एखाद्या प्रसंगावर कोपरखळी मारतात, मंडळी खळखळून हसतात, आणि त्या हसण्याच्या ओसरत्या लाटेवरच झांजा पुन्हा सुरू होतात. पूर्वरंगात शास्त्र सांगणारे बुवा उत्तररंगात आख्यान लावून लहानथोर साऱ्यांना ताब्यात घेतात. तमाशात तर गण आणि गवळण यांच्यानंतर बतावणीला स्वतंत्र स्थानच दिलेले आहे. सोंगाड्याची ती हजरजबाबी बडबड काढून टाकली, तर वगाला उभे राहण्यास जमीनच उरत नाही. इकडे माळव्यातही ‘माच’ या लोकनाट्यात गाणे, संवाद आणि विनोद यांचे असेच मिश्रण असते.

सुगम संगीताच्या रंगमंचावरही ही परंपरा निरनिराळ्या रूपांनी आली. पं. हृदयनाथ मंगेशकर ‘भावसरगम’मध्ये एखादी रचना गाण्यापूर्वी तिच्यामागचा कवी आणि कवितेचा अर्थ उलगडून दाखवीत आले, ते बोलणे म्हणजे कीर्तनातील निरूपणाचे आजचे भावंड म्हणावे. किशोरकुमार यांचे बोलणे निरूपणाच्या नव्हे, बतावणीच्या कुळातले. ते कशाचाही अर्थ समजावून सांगण्याच्या भरीस पडत नसत. ते येत, रामराम करीत, दंगा करीत, आणि त्या दंग्यातून अचानक गाऊ लागत.

गोखल्यांचे वकील आणि वकिलांचा मुलगा

हा माणूस खंडव्याचा कसा झाला, हे मराठी वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावे, कारण त्या हकिकतीत आपलाही एक धागा आहे. किशोरकुमार यांचे वडील कुंजलाल गांगुली हे वकील. खंडव्याच्या कमाविसदार गोखले घराण्याने त्यांना आपले वकील म्हणून बोलावून घेतले आणि हे बंगाली कुटुंब निमाडात स्थायिक झाले. कमाविसदार हा शब्दच मराठेशाहीच्या महसुली कारभारातला. एका स्थलांतरित मराठी घराण्याने एका बंगाली कुटुंबाला बोलावले आणि दोघेही निमाडच्या मातीत रुजले, असा हा योग आहे. तेथे, त्या वेळच्या मध्यप्रांत व वऱ्हाडात, ४ ऑगस्ट १९२९ रोजी आभासकुमार गांगुली यांचा जन्म झाला. थोरले बंधू अशोककुमार (कुमुदलाल) हे पुढे चित्रपटसृष्टीचे ‘दादामुनी’ झाले, आणि आभासकुमारचे किशोरकुमार झाले.

शिक्षणासाठी ते इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात आले. अभ्यासापेक्षा गाण्याबजावण्याकडे आणि नकलांकडे ओढा अधिक, अशी तेथील आठवण सांगतात. कॉलेजच्या उपाहारगृहात त्यांचे पाच रुपये बारा आणे देणे राहिले होते, आणि तोच आकडा पुढे १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’मधील एका गाण्यात अवतरला, ही आख्यायिका तर इंदूरमध्ये आजही मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. उधारीसुद्धा अजरामर व्हावी, असा हा एकमेव विद्यार्थी असावा!

शास्त्रोक्त तालीम अशी त्यांना मिळाली नाही. त्यांची शाळा म्हणजे नक्कल. कुंदनलाल सैगल हे त्यांचे दैवत, आणि १९४८ च्या ‘जिद्दी’ या चित्रपटातील त्यांचे पहिले ठळक गाणे ऐकले की सैगलची छाया स्पष्ट जाणवते. सैगलची नक्कल सोडून स्वतःचा आवाज शोध, असा सल्ला त्यांना सचिन देव बर्मन यांनी दिला, हे सर्वश्रुत आहे. गंमत अशी की, गाण्यातून नक्कल गेली, पण बोलण्यात ती पुरेपूर उरली. खुद्द बर्मनदांच्या बोलण्याचा बंगाली हेल ते असा हुबेहूब काढीत की ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर फसावे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी किशोरदा इतके हसवीत की नंतर गाणे अवघड होऊन बसे, असे लताबाईंनी अनेकदा सांगितले आहे. रंगमंचावर प्रेक्षकांना जे मिळाले, ते सहकाऱ्यांना आधीपासूनच फुकटात मिळत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि तरी याच माणसाला रंगमंचाचा धाक वाटत असे. सुनील दत्त यांनी जवानांच्या मनोरंजनासाठी काढलेल्या कार्यक्रमांत त्यांना अक्षरशः पुढे ढकलून उभे केले, असे त्यांच्या निकटच्या मंडळींनी सांगून ठेवले आहे. पुढे आयकराची थकबाकी फेडण्यासाठी कार्यक्रम करणे भागही पडले. धाकाने आणि कर्जाने रंगमंचावर आणलेला हा गायक तेथे असा काही रमला की, त्याच्या गाण्यांइतकीच त्याची पहिली दोन वाक्ये लोकांना पाठ झाली.

त्या पहिल्या वाक्यात काय होते?

किशोरकुमार यांची रंगमंचावरील वंदना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती निराळी सांगावयास नको. ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ हा सभेतला कोरडा मायना तेथे नव्हता. ते एकेक नाते घेऊन हाका मारीत: वडिलांकडचे आजीआजोबा, आईकडचे आजीआजोबा, मामामामी, भाऊबहिणी, दोस्तमंडळी. जणू लग्नघरी आलेल्या पाहुण्यांची विचारपूस चालली आहे. आणि ही सारी वंशावळ झाल्यावर, त्या सर्वांना ‘खंडवेवाल्या किशोरकुमारचा’ रामराम आणि नमस्कार!

वाचकहो, या साध्या वाक्याने काय काय साधले होते, ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, हजारोंच्या जमावाचे त्याने एका क्षणात कुटुंब करून टाकले. चित्रपटगीते म्हणजे तरुणांचा चाळा, अशी समजूत असणाऱ्या काळात हाकेचा पहिला मान आजीआजोबांना मिळत होता. नातवाच्या आग्रहाखातर आलेले, खुर्चीत आखडून बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ या हाकेने सैल झाले नसते तरच नवल. दुसरी गोष्ट, ‘रामराम’ हा शब्द. तो शहरी दिवाणखान्यातला नव्हे. तो निमाडातल्या बाजाराचा, बैलगाडीवरचा, पारावरचा शब्द आहे. मुंबईच्या झगमगत्या रंगमंचावर आणि परदेशातल्या सभागृहांतही तो शब्द आपल्या गावठी कपड्यांत ताठ मानेने उभा राहत होता.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पार्श्वगायक हा पडद्यामागचा प्राणी. त्याचा आवाज जन्मभर दुसऱ्याच्या ओठांवर वावरतो. ‘आराधना’ (१९६९) पासून किशोरकुमार यांचा आवाज राजेश खन्ना यांचा झाला, मग तो अमिताभ बच्चन यांचा झाला, देव आनंद यांचा तर तो आधीपासूनच होता. प्रेक्षकांच्या मनात गाण्याबरोबर चेहरा उमटे, तो नटाचा. त्या आवाजावर गायकाची पूर्ण मालकीही नसे. १९७६ साली आणीबाणीत आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी त्यांची गाणी बंद केली, तेव्हा हे कटु सत्य सर्वांना दिसले. अशा माणसाने रंगमंचावर येऊन ‘मी खंडव्याचा’ असे सांगितले, तेव्हा इतकी वर्षे अनेकांच्या चेहऱ्यांवर वावरलेल्या आवाजाला प्रथमच स्वतःचे नाव आणि गाव मिळाले. रसिक टाळ्या वाजवीत ते विनोदाला खरेच. पण त्या टाळ्यांत ‘अरे, हा आवाज याचा आहे तर!’ असा ओळख पटल्याचा आनंदही मिसळलेला असे.

पुढचे सारे मग ओघाने येई. रंगीबेरंगी पोशाख, इकडून तिकडे धावणे, नाचणे, नकला, मध्येच काढलेला एखादा चमत्कारिक आवाज. ‘हाफ टिकट’ (१९६२) मध्ये एकाच गाण्यात स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज काढणारा हा गायक. त्याला दोन गाण्यांच्या मधली जागा कशी पुरणार? परंतु या दंग्यामागे कारागिरीही होती. ज्यांनी कधी सलग गाइले आहे ते जाणतात की, दोन गाण्यांमध्ये गळ्याला आणि श्वासाला उसंत हवी असते, वादकांना सूर जुळवून घ्यावयाचे असतात, आणि एका गाण्याची चव पुसल्याशिवाय दुसऱ्याची लागत नाही. हे तिन्ही हेतू त्या थट्टामस्करीने साधत. शिवाय, पोट धरून हसलेला श्रोता बेसावध असतो. त्या बेसावध क्षणी ‘दूर गगन की छाँव में’ (१९६४) सारख्या त्यांच्या स्वतःच्या चित्रपटातील एखादे शांत, करुण गाणे सुरू झाले की ते थेट काळजाला भिडे. हास्याने नांगरलेल्या जमिनीत करुणाचे बी लवकर रुजते, हे आमच्या कीर्तनकारांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

हा प्रकार सर्वांनाच रुचत असे, असे मात्र नाही. गायकाने गावे, विदूषकी चाळे करू नयेत, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आमच्या परिचयात होती. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही. बोलण्याच्या नादात गाणे झाकले जाऊ शकते. तोच विनोद दहाव्यांदा ऐकावा लागला तर तो शिळा वाटतो. आणि कागदावर उतरविले तर त्यांतील कितीतरी बोलणे पोरकट दिसेल, हेही खरे.

परंतु येथेच एक उद्बोधक उदाहरण आठवते. अमेरिकेतील प्रख्यात गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनाही दोन गाण्यांमध्ये बोलण्याची अशीच हौस होती आणि त्यांचे चाहतेही त्यावर लुब्ध असत. १९७४ साली त्यांच्या व्यवस्थापकाने, कर्नल टॉम पार्कर यांनी, एक अजब तबकडी काढली. तिचे नाव ‘हॅविंग फन विथ एल्व्हिस ऑन स्टेज’. तीत गाणे एकही नव्हते. निरनिराळ्या कार्यक्रमांतील नुसती बडबड एकापुढे एक जोडलेली होती. सुरुवातीस ती कार्यक्रमांच्या ठिकाणीच विकली गेली. परिणाम असा झाला की, जगातील सर्वांत वाईट तबकड्यांच्या यादीत तिचे नाव पुढे अनेक समीक्षकांनी घातले. ज्या वाक्यांवर सभागृहे हसली होती, ती वाक्ये गाण्यापासून तोडताच निर्जीव होऊन पडली.

यावरून आक्षेपकांचे म्हणणे खरे ठरते काय? आमच्या मते उलट ठरते. ते बोलणे स्वतंत्र उभे राहू शकत नाही, कारण ते गाण्याचाच अवयव आहे. हात शरीरापासून तोडून मेजावर ठेवला तर तो काही लिहीत नाही. म्हणून लिहिण्यात हाताचा वाटा नाही, असे कुणी म्हणत नाही.

या अवयवाची हेळसांड मात्र आपण सर्वांनी केली. तबकडी काढणाऱ्यांनी गाणी ठेवली आणि बोलणे गाळले. घरोघरी कॅसेटवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनीही तेच केले. साठ मिनिटांची कॅसेट, फीत महाग. गायक बोलू लागला की यंत्राचे बटण दाबून फीत थांबवावयाची आणि वाद्ये वाजू लागली की पुन्हा सुरू करावयाची, हा त्या काळातील सार्वत्रिक शिरस्ता. आमच्या पेठेतील कितीतरी घरांत अशा कॅसेटी होत्या. गाणे संपते, टाळीचा अर्धा तुकडा ऐकू येतो, खट् असा आवाज होतो, आणि लगेच दुसरे गाणे. ती गाणी आज कुठेही मिळतात. त्या खट् आवाजात जे हरवले, ते मात्र कायमचे गेले. ज्यांच्या माळ्यावर अशा जुन्या मैफलींच्या फिती, मग त्या कोणाच्याही असोत, अद्याप पडून असतील, त्यांना आमची विनंती आहे की त्या उतरवून घेताना बोलणे गाळू नका. बुरशी लागलेली फीत फार दिवस वाट पाहत नाही.

‘तू कुठला?’

आता या विषयाचा आपल्या घराशी काय संबंध, ते सांगतो. किशोरकुमार हे जन्माने बंगाली. मातृभाषा त्यांनी सोडली नव्हती. सोडली असती तर सत्यजित राय यांनी १९६४ च्या ‘चारुलता’मध्ये रवींद्रनाथांचे गीत गाण्यासाठी त्यांना निवडले नसते. भाषेच्या बाबतीत राय किती काटेकोर होते, हे जगजाहीर आहे. पण याच माणसाने, कोठेही उभे केले तरी, स्वतःला ‘खंडवेवाला’ म्हणविले. घरची भाषा एक आणि जन्माचे गाव दुसऱ्या भाषेच्या मुलखात, यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. मराठी भाषाही त्यांना परकी राहिली नाही. १९८७ च्या ‘गंमत जंमत’ या मराठी चित्रपटातील त्यांचे ‘अश्विनी ये ना’ आजही आपल्या समारंभांत वाजते.

आम्हा बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांची स्थिती याच्याशी ताडून पाहावी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे आपली घरे कित्येक पिढ्यांची आहेत. बेळगावकडे आणि गोव्यात तर आपण मुळचेच. तरी ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले की आमच्यापैकी पुष्कळजण ज्या गावाचे तोंडही पाहिले नाही त्या कोकणातल्या अगर देशावरच्या गावाचे नाव सांगतात, किंवा मग गप्प राहतात. राहत्या गावाचे नाव अभिमानाने घ्यावे तर मराठीपण उणे होईल, आणि मराठीपण सांगावे तर गावात परके ठरू, अशी एक विनाकारण कोंडी आपणच करून घेतलेली आहे.

मागे आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतल्या एका मराठी घरच्या मुलाने किशोरकुमारची नक्कल केली. ‘खंडवेवाला’ हे शब्द त्याने असे काही फेकले की सारा मंडप हसला. कार्यक्रमानंतर आम्ही त्यास जवळ बोलावून मराठीत विचारले, “छान केलेस. खंडवा कधी पाहिला आहेस?” त्याने मान हलविली. “मग तू कुठला?” मुलगा घुटमळला, आणि हिंदीत म्हणाला की, सर, आम्ही महाराष्ट्रीय आहोत. महाराष्ट्रात तो एकदाच, मावशीच्या लग्नाला गेला होता. त्याच्या पणजोबांचा जन्म इंदुरातला. ज्या शहरात चार पिढ्या गेल्या त्याचे नाव त्याला सुचले नाही, आणि ज्या भाषेमुळे तो स्वतःला महाराष्ट्रीय समजत होता तिच्यात त्याला उत्तर देता आले नाही. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला कुणी ते वाक्य शिकविलेच नव्हते.

वाद्यवृंदांतील गायकही आज हीच चूक करतात. किशोरकुमारची गाणी गाताना ते त्यांची वंदनाही शब्दशः उचलतात. उज्जैनचा गायक, नागपूरचा गायक, सुरतेचा गायक, सर्वच ‘खंडवेवाले’! नक्कल हुबेहूब असते. पण ते वाक्य ज्या कारणाने गोड होते ते कारणच तेथे नसते. ते खरे होते म्हणून गोड होते. त्यांचे खरे अनुकरण करावयाचे तर उज्जैनच्या गायकाने ‘मी उज्जैनचा’ म्हणावे.

गणेशोत्सवात करून पाहावे

येथून आमची सूचना निघते. आपल्या मराठी समाजांच्या गणेशोत्सवांत आणि कोजागरीच्या कार्यक्रमांत मुले मराठी गाणी फार चांगली म्हणतात. शब्द स्पष्ट, सूर बरोबर, पालक कृतकृत्य. पण दोन गाण्यांमध्ये निवेदन सुरू झाले की ते हिंदीत किंवा इंग्रजीत! खरी परीक्षा त्या क्षणी होते आणि त्या क्षणी आपण नापास होतो. गाणे पाठ करता येते. ज्याला भाषेचा गंध नाही तोही दहा वेळा ऐकून ते बिनचूक म्हणू शकतो. दोन गाण्यांमधले बोलणे पाठ करून भागत नाही. समोर कोण बसले आहे ते पाहून, ऐन वेळी सुचून, चुकतमाकत का होईना, ते बोलावे लागते. भाषा जिवंत आहे की केवळ मखरात बसविली आहे, हे त्या चार वाक्यांत कळते.

तेव्हा यंदा एवढेच करून पाहावे. गाणाऱ्या प्रत्येक मुलाने गाण्याच्या आधी स्वतः मराठीत चार वाक्ये बोलावीत. लिहून दिलेली नकोत. आपण कोण, कोणत्या गावचे, कोणत्या आळीतले. हे गाणे कुणी लिहिले, कुणी चाल लावली. घरात ते प्रथम कुणाच्या तोंडून ऐकले. हिंदी, कानडी, गुजराती अगर तेलुगू शब्द मध्ये आला तर येऊ द्यावा. पहिल्या रांगेतील काकू त्याच्या व्याकरणावर हसल्या तर त्यांना आवरावे; त्याच्या विनोदावर हसल्या तर मात्र टाळी द्यावी. आमच्या अनुभवास आले आहे की, ज्या मुलाला परभाषेच्या मुलखात भर सभेत एकदा आपल्या भाषेत हशा मिळाला, ते मूल ती भाषा सहसा सोडीत नाही. दहा निबंध जे काम करीत नाहीत, ते एक हशा करतो.

किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत निवर्तले. तो दिवस दादामुनींचा वाढदिवस होता. त्याआधी १९८५ साली प्रीतीश नंदी यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी मुंबई सोडून खंडव्यास परतण्याची ओढ बोलून दाखविली होती. खंडव्यात जाऊन राहावयाचे आणि दूधजिलबी खावयाची, हा तर त्यांचा नेहमीचा घोष होता. लोक ते थट्टेवारी नेत. अंत्यसंस्कारासाठी त्यांचा देह खंडव्यास नेण्यात आला, तेव्हा ती थट्टा नव्हती हे सर्वांना उमगले. त्यांच्या समाधीवर जन्मदिनी चाहते आजही दूधजिलबी ठेवतात. ४ ऑगस्ट २०२९ रोजी त्यांची जन्मशताब्दी येत आहे. इंदूरच्या वाचकांनी त्या निमित्ताने एकदा मुलाबाळांसह खंडव्यास जाऊन यावे. जाताना गाडीत त्यांची गाणी अवश्य लावावीत. पण दोन गाण्यांच्या मध्ये यंत्र थोडे थांबवावे आणि मुलांना विचारावे, ‘बरे, आपण कुठले?’ उत्तर मराठीत आले आणि त्यात इंदूरचे नाव आले, तर खंडवेवाल्याचा रामराम आपल्या घरी पोहोचला, असे समजावे.